शेषन, गिल, कृष्णमूर्ती: निवडणूक आयोगातल्या एका भांडणाची कुंडली

१ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रपतींनी निवडणूक आयोगावर दोन नवे आयुक्त नेमले. एक, तेव्हाचे केंद्रीय कृषी सचिव डॉ. मनोहरसिंग गिल, दुसरे, केंद्रीय विधी सेवेतले जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती. त्याच दिवशी एक अध्यादेशही निघाला. तिघा आयुक्तांचा पगार सारखा, निवृत्तीचे वय सारखे, निर्णय शक्यतो एकमताने आणि एकमत न झाल्यास बहुमताने. आदल्या दिवसापर्यंत आयोग म्हणजे टी. एन. शेषन हा एकच माणूस होता. आता त्यांचे मत तीनांपैकी एक झाले.

पुढची पावणेदोन वर्षे देशातल्या एका अत्यंत महत्त्वाच्या संस्थेत वरिष्ठ तिघांमध्ये जे चालले, ते कोणत्याही सरकारी कार्यालयात काम केलेल्या माणसाला ओळखीचे वाटेल. फाइल कोणाकडे आधी जाणार, बैठक कोण बोलावणार, साहेब दौऱ्यावर गेले की चार्ज कोणाकडे, कर्मचाऱ्यांनी नेमके ऐकायचे कोणाचे? फरक एवढाच, की इथे हे प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेले.

प्रशिक्षण वर्गांत शेषन यांचे नाव येते ते बहुतेक वेळा ‘कणखर नेतृत्व’ या सदराखाली. ते खरेच आहे, पण अर्धे. बाहेरच्या लढाईत विलक्षण यशस्वी ठरलेली कार्यशैली तशीच्या तशी कार्यालयाच्या आत वापरली की काय होते, हा या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग आहे. आणि त्याहून खाली गेले, तर भांडणाची पेरणी हे तिघे निर्वाचन सदनात, म्हणजे आयोगाच्या दिल्लीतल्या कार्यालयात, एकत्र येण्याच्या कितीतरी आधी झालेली दिसते.

आधीचा एक प्रयोग

राज्यघटनेचा अनुच्छेद ३२४ सांगतो, की आयोगात एक मुख्य निवडणूक आयुक्त असेल आणि राष्ट्रपती वेळोवेळी ठरवतील तितके अन्य आयुक्त असतील. अन्य आयुक्त नेमले गेले, तर मुख्य आयुक्त आयोगाचे अध्यक्ष म्हणून काम पाहतील. बस्स. अध्यक्षाने नेमके काय करायचे, मतभेद झाला तर कोणाचा शब्द अंतिम, यावर घटना गप्प आहे. १९५० मध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य आयुक्त झाले तेव्हापासून जवळपास चाळीस वर्षे आयोग एकसदस्यीयच राहिला, त्यामुळे हे मौन कोणाला टोचले नाही.

१६ ऑक्टोबर १९८९ रोजी, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, राजीव गांधी सरकारने तेव्हाचे मुख्य आयुक्त पेरी शास्त्री यांच्या जोडीला एस. एस. धनोआ आणि व्ही. एस. सीगेल यांना आणले. कामाचा मेळ बसला नाही. सरकार बदलले आणि १ जानेवारी १९९० रोजी दोन्ही पदे रद्द झाली. धनोआ न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली, पण इतके मोठे अधिकार एकाच माणसाच्या हाती असण्यापेक्षा अनेकांनी मिळून ते वापरणे बरे, असेही म्हटले.

म्हणजे इशारा मिळाला होता. तरी १९९१ मध्ये आयुक्तांच्या सेवाशर्तींचा जो कायदा झाला, त्यात पगार, वय, निवृत्तिवेतन यांची सोय झाली. तीन माणसे एका टेबलाभोवती बसली तर निर्णय कसा घ्यायचा, याची नाही. आपल्याकडे गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींतसुद्धा गणपूर्ती किती आणि मतदान कसे हे लिहिलेले असते. देशाच्या निवडणूक आयोगासाठी ते लिहायला १९९३ उजाडावे लागले, आणि लिहिले गेले तेही एका माणसाला आवरण्याच्या घाईत.

शेषन यांची पद्धत

शेषन १९५५ च्या तुकडीचे तमिळनाडू केडरचे सनदी अधिकारी. १९८९ मध्ये ते कॅबिनेट सचिव होते. सरकार बदलल्यावर त्यांची रवानगी नियोजन आयोगात झाली. पंतप्रधान चंद्रशेखर यांच्या काळात, १२ डिसेंबर १९९० रोजी, त्यांनी मुख्य निवडणूक आयुक्तपदाची सूत्रे घेतली.

त्यांनी नवे कायदे आणले नाहीत. असलेले वापरले. निवडणूक खर्चाचा हिशेब न देणाऱ्या चौदाशेहून अधिक उमेदवारांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. हिमाचल प्रदेशचे राज्यपाल गुलशेर अहमद मध्य प्रदेशात मुलाच्या प्रचारात उतरल्याचे प्रकरण आयोगाने लावून धरले आणि राज्यपालांना पद सोडावे लागले. भिंती रंगवणे, रात्री उशिरापर्यंत कर्णे लावणे, सरकारी गाड्या प्रचाराला वापरणे या सगळ्याला चाप बसला. ज्यांनी १९९५ ची महाराष्ट्र विधानसभा निवडणूक पाहिली, त्यांना त्या वर्षीच्या कोऱ्या भिंती आठवत असतील. तोपर्यंत आचारसंहिता म्हणजे पाळली तर पाळली असा मामला होता. जिल्हाधिकारी तिला घाबरू लागले ते शेषन यांच्यापासून.

या शैलीचे तर्कशास्त्र सरळ होते. आयोगाकडे स्वतःची फौज नाही. निवडणुकीचे काम करणारे लाखो कर्मचारी आणि पोलीस राज्य सरकारांचे आणि केंद्राचे. त्यांच्याकडून काम करून घ्यायचे तर धाक हवा, आणि धाक हवा तर आयोगाचा आदेश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ ठरली पाहिजे. समोर बलाढ्य राजकीय पक्ष असताना ‘चर्चा करू’ म्हणणारा आयुक्त चेष्टेचा विषय झाला असता. तेव्हा शेषन यांची हुकमी शैली ही केवळ स्वभावाची गोष्ट नव्हती. त्या जागी, त्या काळात ती उपयोगी होती.

पण तिची हद्द कुठे संपते हे त्यांना कळले असे दिसत नाही. २ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांनी आदेश काढला: निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांवर आयोगाचा शिस्तभंगाचा अधिकार सरकार मान्य करत नाही तोवर देशात एकही निवडणूक होणार नाही, राज्यसभेचीही नाही, पोटनिवडणूकही नाही. मागणी रास्त होती. पण अख्खी निवडणूक व्यवस्थाच ओलीस धरणे कोणाला पटणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि आदेश टिकला नाही. त्याच महिन्यात त्यांनी मतदार ओळखपत्रांचाही फतवा काढला: १ जानेवारी १९९५ नंतर ओळखपत्रांशिवाय निवडणूक नाही. कल्पना उत्तम, मुदत अशक्य. निवडणुका ओळखपत्रांचे काम पुरे होण्याआधीच घ्याव्या लागल्या.

सरकारला शेषन नको झाले होते, यात शंका नाही. पण मुख्य आयुक्ताला हटवायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याइतकीच अवघड प्रक्रिया. संसदेत तेवढे बळ जमवण्यापेक्षा अनुच्छेद ३२४ मधली दुसरी वाट सोपी होती. माणूस हलत नसेल, तर त्याच्या शेजारी दोन खुर्च्या मांडा.

तिघे एका छताखाली

तिघेही त्या खुर्च्यांकडे एकाच नजरेने पाहत नव्हते. शेषन यांच्या दृष्टीने ही नेमणूक म्हणजे आयोगाच्या स्वातंत्र्यावरचा घाला. शिवाय आधीच्या कायद्यात अन्य आयुक्तांचा दर्जा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतका आणि वय ६२. आता ते शेषन यांच्या बरोबरीला आले. गिल आणि कृष्णमूर्ती यांच्या दृष्टीने ते राष्ट्रपतींनी नेमलेले पूर्ण अधिकाराचे आयुक्त होते, कोणाचे सहायक नव्हे. दोन्ही बाजू आपापल्या परीने कायद्याला धरून होत्या. संस्थेतल्या भांडणांत हीच खरी कटकट असते. एक बाजू उघड चूक असती, तर प्रश्न महिन्याभरात मिटला असता.

शेषन यांनी अध्यादेशालाच आव्हान दिले. त्यांच्या याचिकेत कार्यालयातल्या वादावादीचाही तपशील आला, कृष्णमूर्ती यांच्या वागण्याबद्दलची तक्रार आली. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: अंतिम निकाल लागेपर्यंत आयोगाच्या कामाचे पूर्ण नियंत्रण शेषन यांच्याकडे राहील, इतरांचे मत त्यांनी घ्यावे, पण ते त्यांच्यावर बंधनकारक नसेल. काही विधानसभांच्या निवडणुका चालू होत्या. मतदान सुरू असताना कर्मचाऱ्यांना दोन तोंडांनी आदेश जाणे परवडणारे नव्हते. तातडीची मलमपट्टी म्हणून न्यायालयाने योग्यच केले.

मात्र हा तात्पुरता बंदोबस्त वीस महिने चालला. गोव्याची १९९४ ची आणि महाराष्ट्राची १९९५ ची निवडणूक याच काळात झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतका पगार घेणारे दोन आयुक्त इमारतीत हजर आणि निर्णयात त्यांचा वाटा शून्य. शेषन परदेशी गेले तेव्हा कारभार त्यांनी उपआयुक्ताकडे सोपवला, शेजारच्या खोलीतल्या आयुक्तांकडे नाही. शेवटी त्यांच्या गैरहजेरीत गिल यांनी काम पाहावे, असे न्यायालयाला सांगावे लागले. सरकारी नोकरीत चार्ज कोणाला दिला, यातून माणसाचा मान आणि अपमान दोन्ही लिहिले जातात. ही गोष्ट एखाद्या तालुक्याच्या कचेरीत घडली असती, तरी तितकीच झोंबली असती.

माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील आहे. अंतरिम आदेशाने शेषन यांना सगळे काही दिले होते. त्यांना हरण्यासारखे काही उरले नव्हते. एखाद्या राज्याची मतदार यादी, ओळखपत्रांचे काम, चिन्हांचे वाद असा एखादा विभाग गिल यांच्याकडे देऊन त्यांनी मन मोठे केले असते, तर अंतिम निकालाच्या वेळी चित्र कदाचित निराळे असते. अध्यादेशाच्या जागी आलेल्या कायद्यातही तशी सोय होती: तिघांनी एकमताने कामाची वाटणी करून घ्यावी. तसे झाले नाही. भांडण वर्तमानपत्रांतून आणि दूरदर्शनवरून चालत राहिले, आणि प्रसिद्धीच्या मैदानात शेषन यांना कोण हरवणार?

घटनापीठाचा निकाल

१४ जुलै १९९५ रोजी सरन्यायाधीश अ. म. अहमदी यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने शेषन यांचे आव्हान फेटाळले. अध्यादेश आणि त्याच्या जागी आलेला कायदा वैध ठरला. सरकारच्या दुष्ट हेतूचा आरोप मान्य झाला नाही. बहुमताने निर्णय घेण्याची तरतूद कायम राहिली.

कायद्याच्या अभ्यासकांना त्यातले घटनात्मक मुद्दे महत्त्वाचे वाटतील. मला त्यातला व्यवस्थापनाचा भाग अधिक रोचक वाटतो. अध्यक्षाचे काम काय? बैठक चालवणे, शिस्त राखणे, निर्णय नेमका होतो आणि नीट नोंदला जातो हे पाहणे. अध्यक्षाचा शब्दच शेवटचा मानला, तर बाकीच्यांना नेमण्यात अर्थ उरत नाही. आयुक्तांनी एकमेकांशी जुळवून घेऊन संघ म्हणून काम करायचे आहे, आणि ज्या संस्थेची सेवा करायची तिच्यापेक्षा कोणीही मोठा नसतो, या आशयाचे खडे बोल निकालात आहेत. शेषन यांच्या सार्वजनिक वक्तव्यांवरही न्यायालयाने नाराजी लपवली नाही.

आणखी एक नाजूक गाठ न्यायालयाने जपून हाताळली. मुख्य आयुक्ताच्या शिफारशीवरूनच अन्य आयुक्ताला काढता येते, असे घटना सांगते. शेषन यांच्या बाजूने हा श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मांडला गेला. न्यायालयाने तो उलटा फिरवला: ही तरतूद अन्य आयुक्तांना सरकारच्या लहरीपासून वाचवण्यासाठी आहे, तेव्हा मुख्य आयुक्तानेही ती लहरीखातर वापरायची नाही, सबळ कारण असेल तरच. पटण्यासारखे आहे. पण गाठ सुटली नाही, सैल झाली. तिघांची मते समान, एकाची खुर्ची अढळ आणि दोघांची त्याच्या शिफारशीवर अवलंबून, ही विषमता तशीच राहिली.

शैलीची लेबले आणि त्यांची मर्यादा

कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये नेतृत्वाचे हुकमी, लोकशाही आणि मोकळे सोडणारे असे तीन प्रकार मांडले, तेव्हापासून शेषन यांच्यासारख्या माणसावर ‘हुकमी’ अशी चिठ्ठी चिकटवणे सोपे झाले आहे. थॉमस आणि किलमन यांच्या संघर्षाच्या पाच पद्धती घेतल्या (झुंजणे, जुळवून घेणे, टाळणे, तडजोड, सहकार्य) तर शेषन झुंजणाऱ्यांत मोडतात हे सांगायला तज्ज्ञ नको. अशा चिठ्ठ्यांनी प्रकरण समजल्याचे समाधान मिळते, समज मात्र वाढत नाही.

विचारायचे ते असे: हुकूम कोणावर चालतो? राजकीय पक्षांवर आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांवर तो चालला, कारण त्यांना आयोगाच्या खोलीत मत नव्हते. ते आदेश पाळू शकत होते किंवा न्यायालयात जाऊ शकत होते. गिल आणि कृष्णमूर्ती यांना खोलीत मत होते. ज्याला मत आहे त्याच्यावर हुकूम चालत नाही. त्याला पटवावे लागते, किंवा त्याच्याशी वाटणी करावी लागते. सार्वजनिक संस्थांत हा फरक खासगी कंपनीपेक्षा जास्त जाचतो. तिथे मालक न जमणाऱ्याला घरी पाठवू शकतो. इथे सहकारी निवडायचा अधिकार नाही, त्याला काढायचाही नाही, आणि तिघांच्याही नेमणुकीवर सही राष्ट्रपतींची.

दुसऱ्या बाजूलाही झुकते माप देण्याचे कारण नाही. ज्या सरकारने हे दोन आयुक्त नेमले, त्याने कामकाजाचा नियम केला पण कामाची वाटणी केली नाही, आणि वेळ अशी निवडली की नव्या माणसांकडे संशयानेच पाहिले जाईल. चार महिने थांबून, शेषन यांच्याशी बोलून हे झाले असते का? कदाचित नसतेच. तरी, वरून लादलेल्या सहकाऱ्याचे स्वागत कोणत्याच कार्यालयात हारतुऱ्यांनी होत नाही.

गिल यांचा काळ

डिसेंबर १९९६ मध्ये शेषन निवृत्त झाले. त्या वर्षीची लोकसभा निवडणूक या तिघांच्याच आयोगाने पार पाडली होती, आणि त्याच वर्षी शेषन यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. १९९७ मध्ये ते शिवसेनेच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि के. आर. नारायणन यांच्याकडून दणदणीत हरले.

त्यांच्या जागी गिल मुख्य आयुक्त झाले. पत्रकारांना त्यांच्याकडून मथळे कमी मिळाले. पण ऑगस्ट १९९३ मध्ये ज्या अधिकारासाठी शेषन यांनी देशातल्या सगळ्या निवडणुका थांबवायला घेतल्या, त्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आयोगाची १९९३ ची याचिका सर्वोच्च न्यायालयात पडून होती. सप्टेंबर २००० मध्ये, गिल यांच्या काळात, केंद्र सरकार आणि आयोग यांच्यात तडजोडीच्या अटी ठरल्या आणि न्यायालयाने त्या नोंदवून घेतल्या: निवडणूक कामात कसूर करणाऱ्या कर्मचाऱ्याला आयोग निलंबित करू शकेल, त्याच्या जागी दुसरा आणू शकेल, शिस्तभंगाची शिफारस करू शकेल. आज निवडणुकीच्या काळात एखाद्या पोलीस अधीक्षकाची तडकाफडकी बदली होते, तिला या तडजोडीचाही आधार आहे. आचारसंहिता घोषणेच्या दिवसापासून लागू होण्याबद्दलचा केंद्राबरोबरचा वादही २००१ मध्ये असाच समझोत्याने मिटला.

यावरून ‘गिल बरोबर, शेषन चूक’ असा निकाल लावायला मी तयार नाही. शेषन यांनी आयोगाचा दरारा निर्माण केला नसता, तर २००० मध्ये सरकार तडजोडीच्या टेबलावर बसलेच नसते. पहिल्याने दार ठोठावून ठोठावून खिळखिळे केले आणि दुसऱ्याने कडी काढून घेतली, असे म्हणता येईल. तेवढ्यात पहिल्याला वाटत राहिले की घरातली माणसेही दाराच्या पलीकडचीच आहेत.

न सुटलेले दोन धागे

सैल सोडलेली गाठ २००९ मध्ये पुन्हा आवळली. मुख्य आयुक्त एन. गोपालस्वामी यांनी सहकारी आयुक्त नवीन चावला यांना पदावरून दूर करण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे पाठवली. सरकारने ती फेटाळली आणि एप्रिलमध्ये चावला स्वतःच मुख्य आयुक्त झाले. सहकाऱ्यावर पक्षपाताचा लेखी आरोप, आणि ज्याच्यावर आरोप तोच काही महिन्यांत वरिष्ठ! कामकाजाच्या नियमाने मतदानाचा प्रश्न सोडवला होता, अविश्वासाचा नाही.

दुसरा धागा २०१९ चा. लोकसभा निवडणुकीत आचारसंहिता भंगाच्या काही तक्रारींवर आयोगाने दोन विरुद्ध एक असे निर्णय दिले. विरोधात मत देणारे आयुक्त अशोक लवासा यांचे म्हणणे होते, की अल्पमतही आदेशात दिसले पाहिजे; तोवर अशा बैठकांना आपण येणार नाही. २१ मे रोजी आयोगाने ठरवले, तेही बहुमतानेच, की भिन्न मत नस्तीत (फाइलमध्ये) राहील, आदेशाचा भाग होणार नाही. १९९३ ला भांडण टीव्हीवर होते. २०१९ ला ते पत्रव्यवहारात होते. पुढच्या वर्षी लवासा आशियाई विकास बँकेच्या उपाध्यक्षपदी गेले आणि मुख्य आयुक्त होण्याची त्यांची पाळी चुकली.

२०२३ मध्ये १९९१ चा कायदा जाऊन त्याच्या जागी नवा आला. नेमणुकीसाठी पंतप्रधान, एक केंद्रीय मंत्री आणि लोकसभेतले विरोधी पक्षनेते यांची समिती आली. मुख्य आयुक्ताच्या शिफारशीशिवाय अन्य आयुक्ताला काढता येणार नाही, हे कलम राहिले. शक्यतो एकमत, नाहीतर बहुमत, हेही १९९३ च्या शब्दांत जवळजवळ तसेच उतरले. ज्याचे मत अल्पमतात गेले, त्याचे म्हणणे आदेशात छापायचे की नस्तीतच ठेवायचे, याबद्दल नव्या कायद्यातही एक ओळ नाही.